लाइकचे दीडशे रुपये: मेसेजिंग ॲपवरची बनावट नोकरी आतून कशी चालते

मेसेज साधारण असा असतो: "नमस्कार, मी एचआर विभागातून बोलतेय. घरबसल्या पार्ट टाइम काम आहे. रोज तास-दोन तास, दिवसाला २,००० ते ५,००० रुपये. इंटरेस्टेड असाल तर फक्त 'येस' लिहा."

बरेच जण तो वाचून पुसून टाकतात. पण ज्याची नोकरी गेल्या महिन्यात सुटली आहे, मुलं शाळेत गेल्यावर मिळणारे चार तास जिला कामी लावायचे आहेत, ज्याची पेन्शन औषधातच संपते, त्यांना तोच मेसेज वेगळा दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा टास्क आणि पार्ट टाइम नोकरीच्या फसवणुकीत वापरल्या जाणाऱ्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद करायला लावल्या. तेव्हाही निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हेच मुख्य लक्ष्य असल्याचं सांगितलं गेलं होतं. म्हणजे ज्यांना कामाची खरी गरज आहे, त्यांनाच हेरलं जातं. त्यामुळे फसलेल्या माणसाला लोभी ठरवू नये. तसं ठरवलं की तो गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की पैसे परत मिळण्याची वेळ टळून जाते.

पहिले पैसे खरेच मिळतात

या फसवणुकीची ताकद तिच्या सुरुवातीत आहे. आधी ती पैसे मागत नाही, देते. तीन यूट्यूब व्हिडिओ लाइक करायचे, इन्स्टाग्रामवर दोन पानं फॉलो करायची किंवा गूगल मॅपवर एखाद्या हॉटेलला पाच तारे द्यायचे, आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. प्रत्येकी ५० रुपये. काम झालं की एक 'जॉब कोड' मिळतो. तो टेलिग्रामवरच्या 'रिसेप्शनिस्ट'ला पाठवायचा. पाच मिनिटांत तुमच्या खात्यात १५० रुपये जमा होतात, बँकेचा एसएमएस येतो, आणि मनातली शंका तिथेच विरते.

हे दीडशे रुपये म्हणजे त्यांच्या धंद्याचा खर्च. बऱ्याचदा तेही त्यांचे नसतात. ज्या खात्यातून ते आले, त्यात दुसऱ्या कुणाची तरी लुबाडलेली रक्कम असू शकते. त्या माणसाने तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस आणि बँका तुमच्या खात्यापर्यंत येतात, आणि तेवढी रक्कम किंवा कधी कधी अख्खं खातंच गोठवलं जातं. म्हणून 'दीडशे घेऊन बाहेर पडू, आपलं काय जातंय' हा हिशेब चुकीचा आहे. ज्या खात्यात पगार आणि घराचा हप्ता आहे, ते दीडशे रुपयांसाठी अडकू शकतं.

पुढे ग्रुप येतो. टेलिग्रामवर शे-दीडशे सभासद. दिवसाला वीस-पंचवीस टास्क आणि त्यात दोन-तीन वेगळे. त्यांना प्रीपेड टास्क, मर्चंट टास्क, वेल्फेअर टास्क अशी नावं असतात. नेहमीचा नमुना असा: १,००० भरा, १,३०० मिळतील. मिळतात. ३,००० भरा, ३,९०० मिळतील. तेही मिळतात. मग तीन टास्कचा संच येतो. पहिला ५,००० चा. तो भरल्यावर कळतं की संच पूर्ण झाल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत आणि दुसरा १५,००० चा आहे. तिसरा ४८,००० चा.

इथे थांबून हिशेब मांडा. आतापर्यंत मिळालेली निव्वळ कमाई १५० अधिक ३०० अधिक ९००, म्हणजे १,३५० रुपये. अडकलेले २०,०००, आणि तिसरा भरला की ६८,०००. पण त्या क्षणी माणूस असा हिशेब करत नाही. त्याला इतकंच दिसतं की ४८,००० भरले नाहीत तर आधीचे २०,००० बुडणार. पुढचा प्रत्येक हप्ता कमावण्यासाठी नसतो, मागचा हप्ता सोडवण्यासाठी असतो. शिकलेली, व्यवहारात मुरलेली माणसंही इथेच अडकतात.

४८,००० भरल्यावरही संच सुटत नाही. तुम्ही चुकीचं बटण दाबलं, आता दुरुस्तीचा टास्क करा. तुमचा क्रेडिट स्कोअर ८० वर आला, १०० होईपर्यंत पैसे निघणार नाहीत, प्रत्येक गुणाला अमुक रक्कम. तीस टक्के टॅक्स आधी भरा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तुमच्या चुकीमुळे ग्रुपमधल्या आणखी तिघांचे पैसे अडकले. मग ते तिघे रात्री अकरा वाजता रडवेले मेसेज पाठवतात: माझ्या आईचं ऑपरेशन आहे, प्लीज तुमचा टास्क पूर्ण करा. ते तिघे, रोज पैसे आल्याचे स्क्रीनशॉट टाकणारे बाकीचे आणि समजावून सांगणारा 'मेंटॉर' हे सगळे सहसा एकाच टोळीचे असतात, कित्येकदा एकाच माणसाच्या हातातले चार फोन.

टॅक्सचं एक पक्कं लक्षात ठेवा. कर कापायचा असेल तर देणारा आधीच कापून उरलेली रक्कम देतो. नाहीतर तुम्ही तो विवरणपत्र भरताना थेट सरकारकडे भरता. आपलेच पैसे सोडवण्यासाठी कुणा खासगी व्यक्तीच्या यूपीआयवर कर भरायची पद्धत देशात कुठेही नाही.

त्यांच्या वेबसाइटवर 'तुमची शिल्लक १,२४,५००' असं हिरव्या अक्षरांत दिसतं. ती वेबसाइट त्यांनीच बनवलेली आहे. तिथला आकडा कागदावर पेनाने लिहिल्यासारखाच असतो, तो कुठल्याही बँकेत नसतो. पैसा तुमच्या खात्यातून निघाला त्याच क्षणी गेलेला असतो.

कुलूप काय सांगतं, काय नाही

व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये वर छोटं कुलूप दाखवून लिहिलेलं असतं की संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. अनेकांना वाटतं, म्हणजे समोरचा तपासून घेतलेला असणार. एन्क्रिप्शनचा अर्थ इतकाच: तुमचा संदेश तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि फक्त समोरच्याच्या फोनवर उघडतो. मधली कंपनीसुद्धा तो वाचू शकत नाही. खासगीपणासाठी ही चांगली गोष्ट आहे. पण दाराचं कुलूप मजबूत असलं तरी दारात उभा माणूस कोण, हे ते सांगत नाही. उलट, मजकूर कुणी वाचत नसल्यामुळे खोट्या जाहिरातीला वाटेत कुणी अडवत नाही. व्हॉट्सॲपवर तुम्ही 'रिपोर्ट' दाबलंत, तरच त्या व्यक्तीने पाठवलेले शेवटचे पाच संदेश कंपनीला दिसतात. म्हणून नुसतं ब्लॉक करू नका, आधी रिपोर्ट करा.

टेलिग्रामबद्दल गैरसमज याहून मोठा आहे. तिथले साधे चॅट आणि ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, फक्त 'सीक्रेट चॅट' असतं. तरी टोळ्या माणसाला व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर नेतात, आणि त्याची कारणं व्यावहारिक आहेत. तिथे मोबाइल नंबर लपवून नुसत्या यूजरनेमवर काम चालतं. ते यूजरनेम केव्हाही बदलता येतं. आणि मुख्य म्हणजे तिथे समोरचा माणूस दोघांच्या फोनवरून अख्खं चॅट पुसू शकतो. तुम्ही सकाळी पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत पुराव्याच्या जागी कोरी पाटी उरलेली असते.

अशा ग्रुपमध्ये ओढलं जाणं टाळायला दोन्ही ॲपमध्ये दोन-दोन सेटिंग आजच बदला. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही. तिथेच कॉल्समध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' सुरू करा. टेलिग्राममध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी इथे ग्रुपच्या आमंत्रणासाठी 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा, आणि फोन नंबर कुणाला दिसावा यासाठी 'नोबडी'. आईवडिलांच्या फोनवर हे तुम्हीच करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

यूपीआयच्या स्क्रीनवरचं नाव

पैसे पाठवताना यूपीआय ॲप पिन मागण्याआधी खातेदाराचं बँकेतलं नाव दाखवतं. इथे खूप काही कळू शकतं आणि बहुतेकांची नजर तिथून घसरून जाते. कंपनीचं नाव मोठं आंतरराष्ट्रीय, पण पैसे जाणार तिसऱ्याच राज्यातल्या एखाद्या ट्रेडर्सच्या नाहीतर एंटरप्रायझेसच्या खात्यात किंवा एखाद्या अनोळखी माणसाच्या बचत खात्यात. पुढच्या टास्कला नाव वेगळं, त्याच्या पुढच्याला आणखी वेगळं. विचारलं तर उत्तर तयार असतं: हे आमचे मर्चंट आहेत, ज्यांचा माल आपण प्रमोट करतो.

खरं कारण असं की ही भाड्याची खाती असतात. गरजू माणसाला पाच-दहा हजार देऊन त्याचं खातं, त्याला जोडलेलं सिम आणि डेबिट कार्ड एकत्र घेतलं जातं. अशी खाती तक्रार येताच गोठतात, म्हणून रोज नवं लागतं. पैसे पहिल्या खात्यातून काही मिनिटांत चार-पाच खात्यांत फुटतात, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी क्रिप्टो किंवा परदेशातल्या एटीएममधून बाहेर पडतात.

यातूनच आणखी एक 'नोकरी' निघते: तुमच्या खात्यात पेमेंट येईल, दोन टक्के ठेवून बाकी पुढे पाठवायचं. पदाचं नाव पेमेंट प्रोसेसर किंवा फायनान्स एक्झिक्युटिव्ह. हे काम धरणारा फसतोही आणि आरोपीही होतो, कारण कागदावर लुबाडलेली रक्कम त्याच्याच नावावर आलेली असते. कॉलेजातल्या मुलांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं. खातं वापरायला देणं म्हणजे सही केलेला कोरा चेक देण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

बाकीची रूपं

डेटा एंट्रीचं काम अगदी उलट्या दिशेने येतं. पाच दिवसांत पाचशे फॉर्म भरायचे, नव्वद टक्के अचूकता हवी, आधी ऑनलाइन करारावर सही. फॉर्मची चित्रं मुद्दाम अंधुक असतात, त्यामुळे अचूकता कधीच पुरी होत नाही. मग 'वकिला'ची नोटीस व्हॉट्सॲपवर येते: करार मोडला, आज संध्याकाळपर्यंत ८,००० भरा, नाहीतर अटक. काम करारानुसार झालं नाही हा फार तर दिवाणी वाद असतो, त्यासाठी पोलीस घरी पकडायला येत नाहीत. आणि खरा वकील दोन तासांत यूपीआय करा असं म्हणत नाही. एक रुपयाही भरू नका. एकदा भरला की दुसरी नोटीस येते.

मुलाखतीच्या नावाखाली ॲप टाकायला लावणं हा वेगळा प्रकार. प्ले स्टोअरबाहेरची एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकलंत की फोनवर येणारा ओटीपी त्यांना दिसतो. तसंच 'व्हेरिफिकेशनसाठी हा क्यूआर स्कॅन करा' म्हणून तुमचं व्हॉट्सॲप त्यांच्या कंप्युटरला 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून जोडून घेतात. मग तुमच्याच नावाने तुमच्या नातेवाइकांना नोकरीचे मेसेज जातात. लिंक्ड डिव्हाइसेसची यादी अधूनमधून उघडून पाहा, अनोळखी नोंद दिसली तर लॉग आउट करा.

परदेशातल्या नोकरीचा सापळा पैशापुरता थांबत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता की थायलंडमधल्या डिजिटल मार्केटिंगच्या नोकरीच्या नावाने आयटीतल्या तरुणांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेलं जातं आणि तिथे डांबून हेच फसवणुकीचं काम करायला लावलं जातं. म्हणजे तुम्हाला 'येस लिहा' म्हणणारा मुलगा कधी कधी स्वतःच कैदी असतो. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने (राज्य पोलिसांच्या सायबर विभागाने) म्यानमारमधून सोडवलेले साठहून अधिक भारतीय अशाच गुलामीत होते. परदेशी नोकरीचा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलच्या नोंदणीकृत यादीत आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आणि टुरिस्ट व्हिसावर किंवा विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसावर 'आधी या, मग वर्क परमिट करू' असं कुणी म्हटलं तर पासपोर्ट हातात देऊ नका.

पैसे देण्याआधीची तपासणी

कंपनीचं नाव खरं असू शकतं, मेसेज पाठवणारा खोटा असतो. म्हणून नुसतं 'ही कंपनी आहे का' हे पाहून उपयोग नाही. त्या कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा, तिच्या करिअर्सच्या पानावर ही जागा आहे का ते पाहा, आणि तिथल्याच ई-मेलवर विचारा. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून उघडलेली वेबसाइट धरायची नाही. ई-मेलच्या पत्त्यात ॲटच्या चिन्हापुढे कंपनीचं नाव जसंच्या तसं हवं. त्याला जॉब्ज, एचआर, इंडिया असं शेपूट जोडलेलं असेल किंवा साधं जीमेल असेल तर ते संशयास्पद माना. भारतीय कंपनीची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर फुकट बघता येते. स्थापनेची तारीख गेल्या महिन्यातली असली तर ती 'वीस वर्षं जुनी' नाही, इतकं तरी कळतं.

सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर संशयित नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक किंवा वेबसाइट शोधायची सोय आहे. तिथे सापडला तर विषय संपला. पण सापडला नाही म्हणजे सुरक्षित असं समजू नका, नंबर रोज नवे असतात. नंबरच्या आधी +९१ च्या ऐवजी +८४, +६२ किंवा +२५४ असेल तर तो व्हिएतनाम, इंडोनेशिया किंवा केनियाचा आहे. मात्र +९१ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, भाड्याची सिमही मिळतात.

पैसे गेले नसतील, नुसता मेसेज आला असेल, तर तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेत नोंदवा.

पैसे गेले असतील तर

पहिलं काम १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन. पोलीस ठाणं, बँकेची शाखा, ओळखीतला वकील हे सगळं त्यानंतर. या नंबरवर तक्रार नोंदली की ती थेट तुमच्या आणि समोरच्या बँकेपर्यंत जाते. पैसे त्या खात्यात अजून असतील तर तिथेच रोखले जातात, पुढे गेले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे सरकते. पैसा मिनिटांत पळतो, म्हणून तासाभरात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यात फार फरक पडतो. रविवार असो वा मध्यरात्र, थांबू नका.

फोन करताना हाताशी ठेवायचं ते: तुमचा खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी किंवा खातं, आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक. यूपीआयमध्ये तो १२ अंकी असतो, व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. आठ वेळा पैसे पाठवले असतील तर आठही यूटीआर द्या. प्रत्येक रक्कम वेगळ्या वाटेने गेलेली असते. लोक लाजेपोटी शेवटचा मोठा व्यवहार तेवढा सांगतात, आणि बाकीच्या सात रकमांचा माग कुणी काढतच नाही. एसएमएसवर मिळालेला पोचक्रमांक वापरून पोर्टलवरची तक्रार त्याच दिवशी पुरी करा.

तोपर्यंत ग्रुप सोडू नका, कुणाला ब्लॉक करू नका, 'पोलिसांत जातोय' अशी धमकी देऊ नका. धमकी दिलीत की चॅट पुसलं जाईल. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट, दुसऱ्या फोनने स्क्रीनचा व्हिडिओ, व्हॉट्सॲपचं 'एक्स्पोर्ट चॅट', टेलिग्रामच्या कंप्युटर आवृत्तीतून चॅट हिस्टरी, ग्रुपची लिंक, यूजरनेम, वेबसाइटचा पूर्ण पत्ता. मग रिपोर्ट आणि ब्लॉक.

बँकेकडून भरपाई मिळेल या आशेवर थांबू नका. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होता. इथे पिन तुम्हीच टाकलेला असतो. त्यामुळे खरा भरवसा वेळेत रोखलेल्या रकमेवर. ती रोखली गेली असेल तर न्यायालयात अर्ज करून सोडवून घेता येते. तक्रारीचा क्रमांक आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा, आणि तपास अधिकाऱ्याकडे 'किती रक्कम होल्ड झाली' असं नेमकं विचारा.

काही दिवसांनी 'रिकव्हरी एक्स्पर्ट'चा मेसेज येईल: तुमचे पैसे सापडलेत, दहा टक्के आधी द्या. तो बहुधा त्याच टोळीचा असतो. फसलेल्यांची यादी त्यांच्याकडे असतेच.

घरातलं कुणी आत्ता या ग्रुपमध्ये असेल आणि ऐकत नसेल, तर आरडाओरडा करू नका. त्याने तो ग्रुपमधल्या 'मेंटॉर'च्या आणखी जवळ जातो. शेजारी बसा आणि एकच गोष्ट करायला सांगा: आता नवा टास्क न घेता, स्क्रीनवर दिसतेय ती सगळी शिल्लक काढून दाखव. पाचशे-हजार नाही, सगळी. ते कधी कधी थोडे देतात, तेवढ्यावर समाधान मानू नका. मग येणारं उत्तर दोघांनी मिळून वाचा. फी, टॅक्स, स्कोअर, 'आणखी एक टास्क' यांपैकी काहीही आलं, तर तो तिथे प्रश्न विचारत असतानाच तुमच्या फोनवरून १९३० लावा.